चोवीस रकाने एकट्याने का भरायचे?

आमच्या हातून एक चूक झाली. ती झाकून ठेवण्यापेक्षा चळवळीतल्या मित्र-मैत्रिणींसमोर मांडावी, म्हणून हा लेख.

आम्ही गेली काही वर्षे आपल्या मुलामुलींसाठी एक ऑनलाइन वस्ती चालवतो. हा कुठल्या बड्या कंपनीच्या ॲपवरचा ग्रुप नव्हे. भाड्याच्या सर्व्हरवर स्वतः उभी केलेली, जाहिराती नसलेली, साधारण चौदाशे सभासदांची ही वस्ती आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडला, जात पडताळणीला कोणता पुरावा चालतो, वसतिगृहात काय घडले, भाड्याची खोली आडनाव ऐकून कशी नाकारली गेली, हे सगळे तिथे मोकळेपणाने बोलले जाते.

१४ एप्रिल नुकताच होऊन गेला होता. जयंतीच्या आठवड्यात शिवीगाळ करणारी खोटी खाती वाढतात, हा आमचा दर वर्षीचा अनुभव आहे. ६ डिसेंबर आणि १ जानेवारीलाही तेच होते. त्या रात्री पावणेदोन वाजता आम्ही आलेल्या तक्रारी निपटत बसलो होतो. पन्नासेक नोंदी काढून झाल्या होत्या. पुढच्या नोंदीत पहिल्याच ओळीत जातीवरून घाणेरडी शिवी दिसली. आम्ही नोंद काढली, खाते बंद केले आणि पुढची उघडली.

ती नोंद शिवी देणाऱ्याची नव्हती, शिवी खाणाऱ्याची होती. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलाला खोलीतल्या मुलांनी जे म्हटले, ते त्याने जसेच्या तसे लिहिले होते आणि खाली विचारले होते की तक्रार कुणाकडे करायची. आम्ही खालपर्यंत वाचलेच नाही. अकरा दिवसांनी त्याच्या मामेबहिणीचा फोन आला. ती म्हणाली, "दादा, त्याला वाटलं आपल्या माणसांनीही त्याला बाहेर काढलं."

मुलगा सुखरूप आहे. त्याची लेखी तक्रार आता महाविद्यालयात गेली आहे. पण रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांची नावे ज्या समाजाला पाठ आहेत, त्याला त्या अकरा दिवसांत काय होऊ शकले असते हे समजावून सांगावे लागत नाही.

आमच्या थकव्याबद्दल आम्ही आजवर कधी लिहिले नाही. चळवळीत थकवा म्हणजे कमकुवतपणा, असे आपण मानत आलो. त्या फोननंतर आमचे मत बदलले. कार्यकर्त्याचा थकवा हा त्याचा खाजगी प्रश्न नाही, कारण त्याची किंमत दुसराच कुणीतरी मोजतो.

ही वस्ती सुरू झाली ती नोव्हेंबर २०१९ मध्ये. ट्विटरवर खाती कुणाची बंद होतात आणि निळी खूण कुणाला मिळते, यावरून तेव्हा बहुजन तरुणांनी जातीय पक्षपाताचा आरोप करत मोठा गदारोळ उठवला होता. अनेकजण मॅस्टोडॉनकडे वळले. हे मुक्त सॉफ्टवेअर २०१६ पासून उपलब्ध आहे आणि ते कुणालाही स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते. आम्ही पाच जण उत्साहाने कामाला लागलो. आपले घर, आपले नियम! नियम एका बैठकीत लिहून झाले. ते नियम रोज रात्री कोण राबवणार, हा प्रश्न मात्र त्या बैठकीत कुणीही विचारला नाही.

पाचांपैकी एकाची नोकरी पुण्याला लागली. एकाचे वडील आजारी पडले. आमच्यातल्या एकमेव ताई वर्षभर टिकल्या. पण निर्णय कुणीही घेतला तरी रात्री घाण संदेश त्यांनाच येत. त्या गेल्या तेव्हा आम्ही त्यांचे आभार मानले, पण त्यांना संरक्षण का देऊ शकलो नाही याची चर्चा केली नाही. चौथा मित्र पक्षाच्या कामात गुंतला. लिहिताना आम्ही अजूनही 'आम्ही' म्हणतो, पण रात्री पावणेदोनला तिथे एकच माणूस बसलेला असतो.

सर्व्हरचे भाडे वर्गणीतून कसेबसे निघते. न निघणारा खर्च वेगळाच आहे. दिवसभर संस्थेचे काम, वस्त्यांमधल्या भेटी, अहवाल; आणि घरी आल्यावर पुन्हा फोन. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क जाहीर ठेवावा लागतो, तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. कंपन्यांकडे त्यासाठी कार्यालये असतात. आमच्याकडे आमचेच नाव आणि आमचाच नंबर आहे. तो नंबर तक्रारदाराला दिसतो तसा धमकी देणाऱ्यालाही दिसतो. मुलीचा गृहपाठ घेताना फोन वाजला की आमचा चेहरा बदलतो, हे आम्हाला घरच्यांनी सांगितले. आम्हाला कळलेही नव्हते.

एम.ए.ला समाजशास्त्र शिकताना आर्ली हॉक्शिल्ड यांचे १९८३ चे 'द मॅनेज्ड हार्ट' वाचले होते. विमानातल्या कर्मचाऱ्यांना पगारासाठी स्वतःच्या भावना दाबून चेहरा शांत ठेवावा लागतो. त्यांनी या कामाला भावनिक श्रम म्हटले. परीक्षेत आम्ही त्यावर चांगले गुण मिळवले. पण आपल्याच आईबहिणींवरच्या, आपल्याच जातीवरच्या शिव्या रोज वाचायच्या आणि नंतर नम्रपणे "आपली तक्रार मिळाली" असे लिहायचे, हा श्रम त्या पुस्तकातल्यापेक्षा निराळा आहे. विमानातल्या प्रवाशाचा राग त्या कर्मचाऱ्याच्या जन्मावर नसतो. हे काम माणसाला आजारी पाडते, हे आता नव्याने सिद्ध करावे लागत नाही. २०२० मध्ये फेसबुकने अमेरिकेतल्या अशा मजकूर-तपासनिसांना मानसिक त्रासापोटी ५ कोटी २० लाख डॉलर देण्याची तडजोड मान्य केली. ती पगारी माणसे होती.

आणि शत्रूच्या शिव्यांपेक्षा आपल्यांचे संशय जास्त लागतात, हेही सांगून टाकतो. एका गटाची नोंद काढली की "तुम्ही त्या गटाला विकले गेलात", दुसऱ्याची काढली की "तुम्ही यांचे हस्तक". ठेवली तरी तेच. शिवी देणाऱ्याला आम्ही बंद करू शकतो. आपल्या माणसाला मात्र उत्तर द्यावे लागते, आणि ते द्यायलाच हवे.

अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणते, "बाबासाहेबांनी एकट्याने पत्र चालवलं, तुम्हाला एवढं जमत नाही?" या वाक्याने आम्हीही अनेक रात्री स्वतःला जागे ठेवले. म्हणून तो इतिहास पुन्हा वाचला. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले, त्याला शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले होते. 'केसरी'ने त्याची पैसे देऊ केलेली जाहिरातसुद्धा छापली नाही. बाबासाहेब पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३ मध्ये ते पत्र बंद पडले. मग ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' आले आणि नोव्हेंबर १९२९ मध्ये तेही थांबले. या पत्राचे चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरावे लागत, ही गोष्ट आपण भाषणात अभिमानाने सांगतो. पण ती त्यांनी कुठे सांगितली? 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' या अग्रलेखात. त्यात ते समाजाला हिशेब विचारत आहेत. हाताशी माणूस नाही, मोबदला नाही, आणि ज्यांच्यासाठी हे चालले आहे ते हात आखडता घेतात, ही त्यांची तक्रार आहे. आपण त्या तक्रारीचा गौरवग्रंथ केला आणि तक्रार तशीच ठेवली!

मग मोठ्या कंपनीच्या मंचावरच का जाऊ नये, असे काही मित्र विचारतात. जावे, तिथेही बोलावे. पण तिथे कुणाला ठेवायचे आणि कुणाला काढायचे हे आपण ठरवत नाही. त्या मुलाचे खाते तिथे चुकून बंद झाले असते, तर त्याच्या बहिणीला फोन करायला माणूस मिळाला नसता. आमची चूक सापडली कारण आमचा नंबर तिच्याकडे होता. स्वतंत्र जागेचे मोल आम्हाला इथे कळते. ती एका माणसाच्या झोपेवर उभी असेल, तर मात्र तिला स्वतंत्र म्हणता येणार नाही.

१५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी उत्पन्नाचा विसावा हिस्सा मागितला होता. आम्ही तेवढ्याच प्रमाणात वेळ मागतो. दिवसाचा विसावा हिस्सा म्हणजे एक तास बारा मिनिटे. रोज नको, आठवड्यातून दोन दिवस तेवढे द्या. असे बारा जण मिळाले तर रोज तीन-चार माणसे कामावर असतील.

तोपर्यंत आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. नवे सभासद घेणे थांबवले आहे. रात्री अकरा ते सकाळी सहा वस्तीत नवी नोंद दिसणार नाही; मात्र मदतीची हाक वेगळ्या ठिकाणी येईल आणि तिथे दोघे पाळीने असतील. जातीवाचक शब्द असलेली नोंद पूर्ण वाचल्याशिवाय आणि दुसऱ्याने पाहिल्याशिवाय कुणाचेही खाते बंद होणार नाही. देखरेख करणाऱ्या स्त्रियांची नावे सभासदांना दिसणार नाहीत. वर्गणीचा हिशेब दर महिन्याला सर्वांसमोर राहील. तीन महिन्यांत बारा माणसे उभी राहिली नाहीत, तर सगळ्यांना आपले लिखाण उतरवून घ्यायला वेळ देऊन आम्ही ही वस्ती रीतसर बंद करू. ही धमकी नाही. थकलेल्या माणसाच्या हातून आणखी एक मुलगा बाहेर काढला जाण्यापेक्षा ते बरे.

त्या मुलाची आम्ही फोनवर माफी मागितली. तो फक्त "ठीक आहे दादा" म्हणाला. त्याचे खाते पुन्हा सुरू केले आहे. तो अजून आलेला नाही.

जय भीम.