मोत्याचं पाणी : फोटोची टिपणे

विकलेली पहिली नथ परत आली. सोबतच्या चिठ्ठीत एवढंच होतं, 'फोटोत मोठी दिसत होती.' चूक माझीच. फोटो चौकट भरून काढलेला, शेजारी अंदाज यावा असं काही नाही, आणि नथ जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची. तेव्हापासून प्रत्येक दागिन्याचा एक फोटो दहा रुपयांच्या नाण्याशेजारी काढते. नाणं २७ मिलिमीटरचं, आणि गिऱ्हाइकाच्या घरातही असतंच.

*

पुस्तकं सांगतात, उत्तरेची खिडकी घ्या, तिथे ऊन येत नाही. ती पुस्तकं थंड देशांतली. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, म्हणजे शून्य सावलीच्या दोन दिवसांच्या मधल्या काळात, भर दुपारीही सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. सकाळ-संध्याकाळ तर तिरपं ऊन थेट माझ्या टेबलावर उतरतं. म्हणून खिडकीला आजोबांच्या जुन्या धोतराचं पान लावलंय. धुऊन धुऊन इतकं मऊ झालंय की उजेड त्यातून गाळून येतो.

पावसाळ्यात तेही लागत नाही, ढगच पडद्याचं काम करतात. उजेड मात्र कमी. आयएसओ १०० वर ठेवला की शटर अर्धा सेकंद उघडं राहतं, म्हणून तिपाई आणि दोन सेकंदांचा टायमर. बटण दाबताना बोटाचा जो धक्का बसतो, तोसुद्धा जवळच्या फोटोत दिसतो.

*

फोटो काढताना घरातले दिवे बंद. खिडकीचा उजेड निळसर, बल्बचा पिवळा. दोन्ही एकत्र आले की व्हाइट बॅलन्स कुठलाही ठेवा, एक बाजू बिघडतेच. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. वेगवान शटरला एकाच ट्यूबखालचे चार फोटो चार तऱ्हेचे येतात.

*

लाल ब्लाउज घालून ठुशीचे फोटो काढले होते. सोन्याच्या पॉलिशचा प्रत्येक मणी लालसर आला, आणि प्रत्येकात हातात कॅमेरा घेतलेली मी! घासून चमकवलेला गोल मणी म्हणजे आरसा. त्याच्यासमोर जे असेल ते तो दाखवणार. आता फोटोच्या दिवशी पांढरा कुडता.

आणि श्रीखंडाचा डबा. किलोचा, दुधी प्लॅस्टिकचा, कागदी लेबल सोलून निघतं असा. थेट छपाई असलेला नको, तिचे रंग मण्यांत उतरतात. तळाला भिंगापुरतं भोक पाडायचं, डबा दागिन्यावर पालथा घालायचा आणि वरून फोटो काढायचा. मण्यांना चहूकडून पांढरंच दिसतं आणि त्यांच्यातली खोली, पंखा, खिडकीचे गज सगळं जातं.

*

पण त्याच डब्याखाली नथ ठेवली आणि मोती मेले. सोनं सुरेख, मोती मात्र खडूच्या गोळ्या. दोन दिवस मला कळेना की मी चांगले मोती वापरले की नाही. तेच मोती हातात घेऊन खिडकीशी गेले तर पाणी होतं तिथल्या तिथे.

कारण साधं आहे. मोत्याचं पाणी दिसतं ते एका बाजूच्या तेजामुळे आणि दुसऱ्या बाजूच्या सावलीमुळे. चहूबाजूंनी सारखा उजेड दिला की सावली जाते, तेजाचा ठिपका पसरून पुसट होतो, आणि पाणी जातं. सोन्याला डब्याचा तंबू हवा, मोत्याला उजेडाची दिशा हवी, आणि नथीत दोन्ही एकाच तारेत ओवलेले. कितीतरी संध्याकाळी यात गेल्या. शेवटी डबा उभा कापून खिडकीच्या विरुद्ध अंगाची बाजू काढून टाकली आणि त्या उघड्या बाजूला काळ्या कार्डाची पट्टी उभी केली, चौकटीच्या जरा बाहेर. मोत्यांना कडा आल्या, पाणी आलं, आणि सोन्यात काळी रेघ आली ती शोभतेच.

*

नथीखाली पैठणी नको. जर आणि सोन्याची तार एकमेकींत हरवतात. स्वयंपाकघराच्या कामात उरलेला कडप्प्याचा तुकडा, त्याची पॉलिश न केलेली बाजू, ही मला मिळालेली सगळ्यांत चांगली पार्श्वभूमी.

कडप्प्यावर कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो फोटो उजळ करतो; एक्स्पोजर एक घर (स्टॉप) खाली घ्यायचं. पांढऱ्या कागदावर उलट, नाहीतर कागद राखाडी येतो.

*

लाल खडे लवकर सपाट होतात, पैलू दिसेनासे होतात. तेव्हा अजून अर्धं घर खाली. स्वस्त एलईडीखाली तेच खडे विटकरी दिसतात. त्यामुळे ते खिडकीशीच.

*

छोट्या कॅमेऱ्यावर फुलाचं चिन्ह असलेला मॅक्रो मोड. झूम न करता कॅमेराच जवळ न्यायचा. मोठ्या कॅमेऱ्याला मॅक्रो भिंग लावून नथ चौकटभर घेतली, तर एफ ८ ला जेमतेम दोन मिलिमीटर जाडी स्पष्ट येते. एफ १६ ला साधारण दुप्पट, त्यापुढे सगळंच मऊ पडायला लागतं. नथ बरीचशी सपाट, ती अगदी वरून, कॅमेरा समांतर ठेवून घेतली की भागतं. कुडीचं फूल पुढे आलेलं असतं. तिथे मधल्या खड्यावर फोकस. माझ्या जुन्या छोट्या कॅमेऱ्यात सेन्सर लहान असल्यामुळे खोली जास्त स्पष्ट येते. तो मी विकणार नाही.

*

फोटोआधी दागिना पुसायचा, आधी ब्रश, मग मऊ कापड. डोळ्याला न दिसणारा धाग्याचा तंतू फोटोत दोरखंड होतो. नथ उभी करायला मेणाचा खडा.

*

संगणकावर धूळ पुसते, कडा कापते. सोन्याचा पिवळा वाढवत नाही. डबी उघडणाऱ्या बाईने फोटोतलीच नथ ओळखली पाहिजे.

*

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न : 'चापाची आहे का?' नाक न टोचलेल्या मुलींना तेच आधी जाणून घ्यायचं असतं, आणि बहुतेक फोटोंत ते दिसतच नाही. घरी दागिने करणाऱ्या मैत्रिणींनो, एक फोटो मागच्या बाजूचा काढाच. तारेची गाठ, चाप, फासा, सगळं दिसू दे.