मध्यरात्रीचा फुटबॉल

इंग्लंड आणि खान्देश यांच्यात हिवाळ्यात साडेपाच तासांचं अंतर असतं, उन्हाळ्यात साडेचार. तिकडची घड्याळं मार्चअखेर तासभर पुढं करतात आणि ऑक्टोबरअखेर मागं घेतात. ऐंशीच्या दशकातल्या जळगावात हे ठाऊक असण्याचं कुणाला काहीच कारण नव्हतं. आम्हा दोन-चार जणांना मात्र ते पाठ होतं. कारण इंग्लिश लीगचे शनिवारचे निकाल नवरात्रात रात्री साडेनऊला लागायचे आणि थंडी पडली की साडेदहाला.

गाव क्रिकेटचं होतं. फुटबॉल खेळणारी पोरं पाहायची तर भुसावळच्या रेल्वे वसाहतीत जावं लागे. जळगावात फुटबॉलचं नाव काढलं की लोक सहानुभूतीनं बघायचे. धुळ्याला आजोळी मामाकडे शॉर्टवेव्हचा रेडिओ होता, म्हणून हे वेड लागलं आणि टिकलं. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसवर निकाल वाचणाऱ्याच्या आवाजात एक गंमत असायची. पहिल्या संघाचे गोल सांगून तो दुसऱ्या संघाचं नाव घ्यायचा, तेव्हा आवाज चढला की पाहुणे जिंकले, उतरला की हरले, सपाट राहिला की बरोबरी. आकडा कानावर यायच्या आतच मामा बोटानं हवेत निकाल लिहून मोकळा व्हायचा. मधेच खरखर झाली, तर तो एक निकाल हुकायचा आणि पुढच्या शनिवारपर्यंत हुकलेलाच राहायचा.

चित्रं पाहायची सोय स्टेशनवर होती. व्हीलरच्या स्टॉलवर 'स्पोर्टस्टार' यायचा. १९७८ साली निघालेलं हे साप्ताहिक तसं क्रिकेटचंच, पण ब्रायन ग्लॅनव्हिल त्यात फुटबॉलवर लिहायचे. मधल्या पानांवरचं मोठं रंगीत चित्र कधीमधी फुटबॉलपटूचं निघे. ते अलगद सोडवून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचं, कारण भिंत वडिलांची होती. अंक संपायच्या आत स्टॉलवाले काका आमच्यासाठी एक बाजूला काढून ठेवत.

मग १९८६चा मेक्सिकोतला विश्वचषक दूरदर्शनवर आला. २२ जूनला तिकडे भर दुपारी अर्जेंटिना आणि इंग्लंड भिडले, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते. शेजारच्या काकांकडे कृष्णधवल संच. ते स्वतः झोपून गेले, पण आम्हाला दार उघडं ठेवलं. मध्यंतरानंतर मॅराडोनानं चार मिनिटांत दोन गोल केले. पहिल्यात हात लागला हे त्या मुंग्या आलेल्या पडद्यावर आम्हाला कळलंच नाही. इंग्लंडचे खेळाडू पंचाभोवती का नाचताहेत, याचंच नवल वाटलं. दुसऱ्यात त्यानं आपल्या अर्ध्या मैदानातून चेंडू काढला आणि गोलरक्षकासकट सगळ्यांना मागं टाकलं. काका जागे होतील म्हणून आम्ही तोंडावर हात धरून नाचलो. सकाळच्या पेपरात यातलं काही नव्हतं, कारण जळगावला येणारी आवृत्ती सामना सुरू व्हायच्या आधीच छापून गाडीत चढलेली असायची. मंगळवारी फोटो आला, तेव्हा हाताचा उलगडा झाला.

त्यानंतर हाच मॅराडोना नेपोलीकडून खेळत राहिला. नेपोलीनं १९८७ आणि १९९० साली इटलीची लीग जिंकली. त्यातला एकही सामना आम्ही पाहिला नाही. पेपरात दोन ओळी यायच्या: कोण जिंकलं आणि किती गोलांनी. बाकीची नव्वद मिनिटं आम्ही भरून काढायचो. कुणाच्या पासवर गोल झाला असेल, यावर शाळेच्या वाटेवर भांडणं व्हायची आणि दोन्ही बाजूंकडे पुरावा शून्य.

धुळ्याच्या आजीला आमचं हे जागणं सगळ्यात आधी समजलं. श्रावणात कानबाईसाठी घर रात्रभर जागतं, सकाळी तिला निरोप देतं, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. १९९०च्या इटलीतल्या विश्वचषकात साडेबाराला संच लावला, तेव्हा तिनं अंथरुणातूनच विचारलं, "हाई तुनी कानबाई शे का रे?" मामा म्हणाला, हो. त्यानंतर तिनं आवाज कमी करायला कधी सांगितलं नाही.

नव्वदच्या दशकात केबल आली, आणि केबलवाल्याला फुटबॉलचा चॅनल लावायला विनवणं हे नवं काम मागं लागलं. "बघतं कोण?" हा त्याचा प्रश्न बिनतोड होता. २६ मे १९९९ला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना आपल्याकडे रात्री सव्वाबाराला सुरू झाला. जळगावचा मे महिना. आम्ही वायर ओढून संच गच्चीवर नेला होता. बायर्न म्युनिच सहाव्या मिनिटापासून पुढं. नव्वद मिनिटं भरत आली तसा एक मित्र चटई गुंडाळून खाली गेला. भरपाईच्या वेळेत मँचेस्टर युनायटेडनं दोन गोल मारले. सकाळी त्याला हे सांगितलं, तर त्यानं पेपर आल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं. आणि पेपरात अर्थातच काही नव्हतं.

आज विनवायचं कुणाला उरलेलं नाही. विश्वचषकात १९८६ला २४ संघ आणि ५२ सामने होते. २०२६साठी ४८ संघ आणि १०४ सामने ठरले. सगळे खिशातल्या फोनवर. जळगावच्या फुले मार्केटात मेस्सीची जर्सी टांगलेली असते आणि ती घालून टर्फवर खेळायला जाणारी पोरं धुळ्यातही दिसतात. १८ डिसेंबर २०२२चा विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्या सोयीनं साडेआठला होता, आणि भरताचे दिवस. आम्ही शेतातच होतो. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, खाटेवर फोन उभा केला होता आणि भोवती वीसेक माणसं. फ्रान्सनं दोन मिनिटांत बरोबरी साधली, तेव्हा पुऱ्या तळणारी वहिनीसुद्धा झारा घेऊन बघायला आली. आम्ही दोघं-तिघं कोपऱ्यात तोंड दाबून हसायचो, तो खेळ आता गावाचा झाला होता. त्या रात्री मला जुन्या दिवसांची जराही आठवण आली नाही, हे कबूल करायला हवं.

एवढं सगळं जवळ आलं, पृथ्वीचं फिरणं मात्र कुणाला बदलता आलेलं नाही. चॅम्पियन्स लीगचे बहुतेक सामने अजूनही आपल्या मध्यरात्रीनंतरच सुरू होतात. भाचा म्हणतो, सकाळी दहा मिनिटांत सगळे गोल दिसतात, मग जागायचं कशाला? त्याचं बरोबर आहे. मी तरी जागतो, कारण गोल झालेला पाहणं वेगळं आणि होईल की नाही या धाकधुकीत बसणं वेगळं.

मॅराडोना मोठा की मेस्सी, हा आमचा नेहमीचा वाद. भाच्यानं मेस्सीचा जवळजवळ प्रत्येक सामना पाहिलाय, त्यात त्याच्या हुकलेल्या पेनल्ट्याही पाहिल्यात. मी मॅराडोनाला त्याच्या भरात पाहिलं ते एका जून महिन्यात. तरी वादात मी हटत नाही. न पाहिलेल्या शेकडो सामन्यांत माझा मॅराडोना एकदाही वाईट खेळलेला नाही.