माझे आडनावबंधू

आमच्या वर्गाच्या हजेरीपटावर तीन जोशी आहेत. गुरुजींनी नुसते 'जोशी' म्हटले की आम्ही तिघेही एकदम 'हजर' म्हणतो आणि सारा वर्ग हसतो. या आडनावापायी माझ्या हातून एक प्रमाद घडला. तो येथे सांगणे मला आवश्यक वाटते.

गतवर्षी स्नेहसंमेलनास आलेल्या पाहुण्यांनी माझे नाव विचारले आणि कौतुकाने म्हणाले, "वा! भीमसेन जोशींचे कोण रे तू?" पंडितजींचा जन्म गदगचा, म्हणजे आपल्याच कर्नाटकातला. क्षणाचाही विचार न करता मी बोलून गेलो, "आमच्या आजोबांचे चुलतभाऊ." पाहुणे हर्षभरित झाले व म्हणाले, "मग एखादा अभंग होऊ दे!" माझ्या घशाला कोरड पडली. खोकल्याची सबब सांगून मी कशीबशी सुटका करून घेतली.

रात्री आजोबांना सारे सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाळ, भीमसेन अकराव्या वर्षी गाण्यासाठी घर सोडून निघाले. तू चौदा वर्षांचा आहेस. नाते सांगण्यापूर्वी त्यांचे कष्ट तरी जाणून घे."

दुसऱ्या दिवसापासून मी वाचनालयात बसू लागलो. गुरूच्या शोधात भटकून अखेर भीमसेन कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे राहिले व तेथे त्यांनी गाणे शिकले. घरची भाषा कन्नड, तरी त्यांनी मराठी अभंग घरोघरी पोचविले. 2008 साली त्यांना भारतरत्न जाहीर झाले. आमच्या मुडबीत कन्नड व मराठी या दोन्ही भाषा रोज कानी पडतात, म्हणून मला त्यांचा विशेष अभिमान वाटला.

आनंदीबाई जोशी तर जन्मानेही जोशीच. विवाहानंतरही हेच आडनाव त्यांच्याकडे राहिले. चौदाव्या वर्षी त्यांचे तान्हे मूल दगावले. तेव्हा वैद्यक शिकण्याचा निश्चय करून त्या 1883 साली अमेरिकेस गेल्या आणि 1886 साली पदवी घेऊन परतल्या. परंतु पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, क्षयाने त्यांचा अंत झाला. हे वाचताना माझे डोळे पाणावले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईस प्राज्ञपाठशाळेत शास्त्राध्ययन केले आणि पुढे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादकत्व सांभाळले. उमाशंकर जोशी हे तर गुजराती कवी. 1967 चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना व आपल्या कन्नडच्या कुवेंपूंना विभागून मिळाला.

यांपैकी कोणी कोणाचे नातलग म्हणून मोठे झाले नाही. 'ज्योतिषी' या शब्दापासून 'जोशी' झाले. पंचांग सांगणारे आमचे आजोबा जोशी आणि दारोदार भविष्य सांगत फिरणारे कुडमुडे जोशीही जोशीच. जगात सर्वत्र असेच आहे. स्पेनमधील 'फर्नांदेस' या आडनावाचा अर्थ फर्नांदोचा मुलगा. पोर्तुगीजांच्या मार्गे आलेले त्याचेच भावंड 'फर्नांडिस' आपल्या गोव्यात गावोगाव आढळते. म्हणून काय ते सारे एकाच फर्नांदोचे वंशज?

ते पाहुणे हे वार्षिक वाचतील की नाही कोण जाणे. वाचलेच, तर त्यांना माझे नम्र निवेदन आहे: महाराज, भीमसेनजींशी आमचे काहीही नाते नाही. मला गाता येत नाही आणि त्या दिवशी मला खोकलाही नव्हता. क्षमा असावी.

आता हजेरीच्या वेळी मी माझे पूर्ण नाव पुकारले जाईपर्यंत थांबतो, आणि मगच 'हजर' म्हणतो.