समुद्राचं खत
दोस्तांनो, आपल्या इंदिरानगरातून समुद्र दिसत नाही. पण सुट्टीत गोव्याला गेलात, तर कांदोळीच्या किनाऱ्यावर जरूर जा. पावसाळ्यात इथल्या समुद्रात खोलवरचं थंड पाणी वर येतं. येताना नायट्रेट, फॉस्फेट असे क्षार आणतं. सूक्ष्म वनस्पतींचं ते खतच! त्या वनस्पतींवर तारली पोसतात. या पाण्यात कार्बन डायऑक्साइडही भरपूर. सोड्याची बाटली उघडल्यावर निसटतो, तसा तो हवेत जातो. प्राणवायू मात्र कमी. दोनापावला इथली, १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हे सारं मोजते.

आता आपला संबंध काय? त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणारी वैतरणा अरबी समुद्रालाच मिळते. शेतातलं जादा खत नद्यांतून समुद्रात गेलं, की शेवाळ माजतं, कुजतं, प्राणवायू आणखी घटतो अन् मासे गुदमरतात. म्हणून खत मोजूनच घाला, असं घरी नक्की सांगा हं!