नावाची पाटी आणि घरातला माणूस

जर्मनीत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. इथल्या बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो. घंटीशेजारी आडनावाची पाटी असते आणि पोस्टमन तेवढ्यावरच येतो. पाटी नसेल, तर तुम्ही घरात असूनही पार्सल परत जातं.

संगणकातही असंच चालतं. येनात माझं काम संशोधकांसाठी स्क्रिप्ट लिहिण्याचं. प्राध्यापकांकडे मॅक, सर्व्हरवर लिनक्स, आणि नांदेडहून आमच्याबरोबर काम करणाऱ्या विद्यार्थिनीकडे विंडोज. गटात फिरणारी एक जुनी स्क्रिप्ट चालवून तिने विचारलं, "मॅडम, ही म्हणते आर नाहीये. मी तर रोज आरमध्येच आलेख काढते. माझं काही चुकतंय का?"

तिचं काहीच चुकत नव्हतं. स्क्रिप्ट फक्त 'पाथ' नावाच्या यादीतले फोल्डर क्रमाने बघते आणि पहिलं सापडेल ते घेते. विंडोजवर आर बसवलं, तरी ते आपणहून या यादीत जात नाही. आयकॉनवर टिचकी मारली की चालतं, स्क्रिप्टला मात्र दिसत नाही. माणूस घरात, पण पाटी नाही!

बरं, फोल्डरचा पत्ताच स्क्रिप्टमध्ये लिहून टाकावा, तर तोही सगळीकडे सारखा नाही. जर्मन विंडोज एक्सपीत तो फोल्डर 'प्रोग्रामे' होता. व्हिस्टापासून खरं नाव 'प्रोग्राम फाइल्स' झालं, पण पडद्यावर अजून 'प्रोग्रामे'च दिसतं.

उलटही घडतं. नव्याकोऱ्या मॅकवर 'गिट' सापडतं, पण चालवलं की आधी साधनं बसवू का, असं विचारतं. पाटी आहे, घरात कोणी नाही. याच येनात शिकवणाऱ्या गोटलोब फ्रेगे यांनी १८९२च्या निबंधात हेच मांडलं होतं. पहाटतारा आणि सांजतारा ही नावं दोन, वस्तू एकच, शुक्र. आणि नावाला अर्थ आहे म्हणून त्यामागे वस्तू असेलच असं नाही.

म्हणून तुम्ही स्क्रिप्ट लिहीत असाल, तर आधी वापरणाऱ्याने दिलेला पत्ता बघा. मग पाथ बघा, पायथनच्या ३.३ आवृत्तीपासून (२०१२) 'शटिल' मॉड्यूलमधलं 'व्हिच' हे काम तिन्ही प्रणालींवर करतं. मग विंडोजची रजिस्ट्री बघा, आरचा इन्स्टॉलर सहसा तिथे पत्ता नोंदवतो. सापडल्यावर आवृत्ती विचारा. हाक मारून ओ आली, तरच माणूस घरात आहे.

आणि नाहीच सापडलं, तर नुसतं 'नाहीये' म्हणू नका. "या तीन ठिकाणी शोधलं. तुमच्याकडे कुठे आहे ते इथे लिहा," एवढं सांगा. 'नाहीये' वाचून दूरवर एकटं बसलेलं माणूस आधी स्वतःलाच दोष देतं. शोधणाऱ्याने कुठे पाहिलं हे कळलं, की तेच माणूस पुढचा पत्ता स्वतः सांगतं.