तहानलेली मांजरा, तुडुंब मांजरा

मुलांनो, लातूरकडे आलात तर मांजरेकाठी जरूर थांबा. एप्रिल २०१६ मध्ये ही नदी कोरडी पडली, तेव्हा लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणले. आणि त्याच वर्षी पावसाळा सरता सरता हिला पूर आला!

असं कसं? झड लागली, की काळी जमीन पाणी पिऊन तट्ट होते. मग पुढचा पाऊस ओढ्यांतून थेट नदीत धावतो. धरण भरले, की दरवाजे उघडतात. खाली ऊन असले तरी पाणी चढते.

ऑगस्ट २०२५ मध्ये मांजरेला मिळणाऱ्या लेंडी नदीचे पाणी नांदेडच्या मुखेड तालुक्यात रात्रीतून गावांत शिरले. माणसे दगावली.

म्हणून मी मास्तर असूनही सांगतो, पुलावरून पाणी वाहत असेल तर शाळा बुडू द्या, पण पाऊल टाकू नका बरं!