कॅमेरा कोणता घ्यावा? आरशाचा की बिनआरशाचा?

लग्नसराई जवळ आली की प्रत्येक वस्तीत एकदोन तरुण तरी कॅमेऱ्याची चौकशी करू लागतात. मोबाईलने फोटो सगळेच काढतात. पण चार पैसे मिळवायचे म्हटले की लोक हातात कॅमेरा आहे का ते आधी बघतात. दुकानात गेले की पहिला प्रश्न येतो, डीएसएलआर पाहिजे की मिररलेस? पोराला थोडेफार कळत असते, पैसे देणाऱ्या आईबापांना काहीच कळत नाही. मग दुकानदार सांगेल ती पूर्व दिशा! गेल्या वर्षी आमच्या घरात हाच प्रश्न आला. तेव्हा दोन महिने आम्ही जे विचारले, पाहिले आणि समजून घेतले, ते इतर कुटुंबांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहोत.

आमची थोरली मुलगी बी. कॉम. झाली. दोन वर्षे ती एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे मदतनीस होती. लाइट धरायचा, बॅगा उचलायच्या, रात्री दोनला घरी यायचे. हात चांगला बसला होता, पण कॅमेरा मालकाचा, म्हणून नाव मालकाचे आणि पैसाही मालकाचा. स्वतःचा कॅमेरा असल्याशिवाय स्वतःचे काम मिळत नाही, हे तिचे म्हणणे आम्हाला पटले. भिशीचे ३० हजार, तिने साठवलेले १८ हजार आणि घरच्या शिवणकामाचे ७ हजार, असे ५५ हजार रुपये जमले. दागिना गहाण टाकायचा नाही आणि हप्ता बांधून घ्यायचा नाही, एवढे आम्ही आधीच ठरवले होते. या पैशांत एकदाच वस्तू येणार होती. चुकीची आली असती तर पोरीचा पुढचा हंगाम बुडाला असता.

आता मूळ फरक काय तो पाहू. डीएसएलआरच्या पोटात लेन्सच्या मागे एक आरसा तिरपा बसवलेला असतो. लेन्समधून आलेला उजेड त्या आरशावर पडून वर जातो, काचेच्या भिंगातून फिरतो आणि आपल्या डोळ्यापर्यंत येतो. म्हणजे समोरचे दृश्य आपण प्रत्यक्ष पाहतो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, मागचा पडदा उघडतो आणि उजेड सेन्सरवर पडतो. तो खटॅक आवाज त्याचाच. रिळाच्या जमान्यापासून ही रचना चालत आली. निकॉनचा गाजलेला ‘एफ’ कॅमेरा १९५९ सालचा, त्यातही आरसा होता. पुढे रिळाच्या जागी सेन्सर आला, आरसा तसाच राहिला.

मिररलेसमध्ये हा आरसाच काढून टाकलेला असतो. उजेड सतत सेन्सरवर पडतो आणि सेन्सरला जे दिसते ते एका छोट्या टीव्हीसारख्या पडद्यावर आपण पाहतो. आरसा गेला म्हणून कॅमेरा लहान झाला, हलका झाला. लेन्स बदलता येणारा अशा प्रकारचा पॅनासॉनिकचा ‘जी-१’ कॅमेरा २००८ साली आला. २०१३ मध्ये सोनीने मोठ्या सेन्सरचे मिररलेस आणले आणि २०१८ मध्ये कॅनन व निकॉनही त्याच वाटेला लागले. या दोन्ही कंपन्यांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर काढलेला नाही. पेंटॅक्स कंपनी मात्र आरशाला धरून राहिली.

“मग झाले की! जे बंद पडत चालले ते कशाला घ्यायचे?” असे आमचे धाकटे बंधू म्हणाले. दुकानदारही तेच म्हणाला. वरवर पाहता म्हणणे बरोबर आहे. पण कंपनीने काय काढायचे बंद केले याच्याशी आपल्याला काय करायचे आहे? आपल्या पोरीला काम कुठे करायचे आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

तिचे काम आपल्याच लोकांत. विहारातले लग्न, समाजमंदिरातला साखरपुडा, दहा बाय बाराच्या खोलीतले बारसे, जयंतीची रात्रीची मिरवणूक. या सगळ्या ठिकाणी तीन अडचणी येतात. उजेड कमी, जागा कमी आणि वधूवर पांढऱ्या कपड्यांत.

पांढऱ्या कपड्यांची अडचण नीट समजून घेण्यासारखी आहे. कॅमेरा उजेड मोजतो तो समोरचे दृश्य सरासरी राखाडी आहे असे धरून. पांढरी साडी आणि पांढरा सदरा चौकटीत भरून आले की त्याला वाटते, उजेड फार झाला. मग तो उजेड कमी करतो आणि माणसांचे चेहरे काळवंडतात. पुष्कळ फोटोग्राफर मग संगणकावर चेहरे उजळतात, इतके की नवरी पिठात बुडवल्यासारखी दिसते. आमच्या नात्यातल्या एका लग्नाचा अल्बम असाच आला. मुलीची आई अल्बम पाहून म्हणाली, “ही आमची पोर नव्हेच.” आपला रंग सावळा आहे, काळा आहे, तो जसा आहे तसा फोटोत यावा. त्यात लपवण्यासारखे काय आहे? मुलीने स्वतःचा धंदा करण्याचे जे ठरवले, त्यात हे एक मोठे कारण होते.

या बाबतीत मिररलेस सरस आहे, हे मान्य केले पाहिजे. फोटो कसा येणार, चेहरा काळवंडणार का, हे बटण दाबण्यापूर्वीच पडद्यावर दिसते. डीएसएलआरच्या भिंगातून ते दिसत नाही; फोटो काढून मग मागे पाहावे लागते. शिवाय नवे मिररलेस माणसाचा डोळा स्वतः शोधून त्यावर फोकस धरतात. व्हिडिओही चांगला निघतो. आवाज न करता फोटो काढता येतो, म्हणजे वंदना चालू असताना खटखट नको. पण त्यातही मेख आहे. ट्यूब किंवा एलईडीच्या उजेडात बिनआवाजाचा फोटो काढला तर कधी कधी त्यावर आडवे पट्टे उमटतात.

आम्ही फोर्टला बोरा बाजारात चार वेळा गेलो. शेवटी दोन कॅमेरे समोर राहिले. एक कॅननचा नवा मिररलेस ‘आर-५०’, २०२३ सालचा, वजन सगळे धरून ३७५ ग्रॅम. दुसरा कॅननचाच जुना डीएसएलआर ‘६-डी’, २०१२ सालचा, वापरलेला, वजन पाऊण किलोच्या वर. पहिला खिशात मावेल असा, दुसरा विटेसारखा. धाकट्याने पहिला उचलला, थोरलीने दुसरा. आम्ही विचारले, “का गं?” ती म्हणाली, “पप्पा, मला मिरवायचा नाही, कामाला न्यायचाय.” आणि तिने एकेक गोष्ट समजावून दिली.

‘६-डी’ चा सेन्सर रिळाच्या चौकटीएवढा, ३६ बाय २४ मिलिमीटरचा. ‘आर-५०’ चा त्याहून लहान. क्षेत्रफळ काढले तर मोठा सेन्सर अडीच पट भरतो. कमी उजेडात त्याचा फायदा होतो, फोटोत दाणे कमी येतात. दुसरे लेन्सचे. ‘आर-५०’ बरोबर जी लेन्स येते तिचे तोंड झूम केल्यावर ६.३ पर्यंतच उघडते. ५० मिलिमीटरची साधी स्वस्त लेन्स १.८ पर्यंत उघडते. हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. हिशेब केला तर बारा पट! तीच ५० ची लेन्स लहान सेन्सरवर लावली तर ८० च्या लेन्ससारखी जवळचे दाखवते. हॉलमध्ये चालून जाईल, पण दहा बाय बाराच्या खोलीत मागे सरकायला भिंत आड येते. मोठ्या सेन्सरवर ५० ची लेन्स ५० चीच राहते.

तिसरी गोष्ट बॅटरीची. मिररलेसचा पडदा सतत चालू, म्हणून एका बॅटरीत तीन-चारशे फोटो. ‘६-डी’ मध्ये कंपनीच्या हिशेबाने हजारावर. हळदीपासून पाठवणीपर्यंत चार्जिंगला जागा मिळेल याची खात्री काय?

चौथी गोष्ट आम्हाला सर्वांत पटली. जुनी लेन्स वाया जात नाही. कॅननच्या डीएसएलआरची लेन्स एक जोडकडी लावून कॅननच्या ‘आर’ जातीच्या मिररलेसवर चालते. उलटे मात्र होत नाही, मिररलेसची लेन्स डीएसएलआरवर बसत नाही. म्हणजे आज घेतलेली लेन्स उद्या नव्या कॅमेऱ्यालाही कामी येणार.

नव्या मिररलेसला आमचे ५५ हजार पुरत नव्हते, त्यावर चांगली लेन्स वेगळी. जुन्या डीएसएलआरमध्ये कॅमेरा, ५० ची लेन्स, वापरलेला फ्लॅश, जादा बॅटरी आणि दोन कार्डे एवढे बसले. आम्ही तोच घेतला.

जुना घेताना मुलीने काय तपासले तेही सांगतो. शटर किती वेळा पडले आहे हे विचारून, तपासून घ्यावे. या कॅमेऱ्याचे शटर कंपनीने एक लाखाला तपासलेले आहे. मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढून काळे ठिपके दिसतात का पाहावे, ते सेन्सरवरच्या धुळीचे असतात. लेन्स उजेडाकडे धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे नाहीत ना हे पाहावे. ती बुरशी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ती फार लवकर धरते, म्हणून लेन्स कपाटात कापडात गुंडाळून न ठेवता हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवावी. आणि पावती, त्यावर कॅमेऱ्याचा नंबर, याशिवाय पैसे देऊ नयेत.

या कॅमेऱ्याच्या उणिवाही आहेत. कार्डाची जागा एकच, म्हणून विधी संपला की मुलगी कार्ड बदलते आणि भरलेले कार्ड आईच्या पाकिटात जाते. व्हिडिओत फोकस हाताने फिरवावा लागतो. दिवसभर गळ्यात घालून मान दुखते. ज्यांना मुख्यतः व्हिडिओ करायचा आहे, ज्यांच्याकडे जुनी लेन्स नाही आणि पैसे थोडे जास्त आहेत, त्यांनी मिररलेसच घ्यावा. पुढचा काळ त्याचाच आहे. पण ज्यांना कमी पैशांत उद्यापासून काम सुरू करायचे आहे, त्यांनी जुन्या डीएसएलआरला नाक मुरडू नये. लोक नव्याच्या मागे लागले म्हणून जुने स्वस्त झाले आहे. त्याचा फायदा आपण का घेऊ नये?

या हंगामात मुलीने अकरा कामे केली. मिळालेल्या पैशांतून भिशीची भरपाई झाली. पहिल्या कामाआधी मात्र तिने एक फोटो घरातच काढला. आमच्या आत्याचे वय ८० च्या पुढे. तिचा आजवर रेशनकार्डाला आणि आधारकार्डाला काढलेला तेवढाच फोटो. आणि तिच्या आईचा, म्हणजे आमच्या आजीचा, तर एकही फोटो नाही. आजी दिसायला कशी होती हे आत्याखेरीज कोणी सांगू शकत नाही. खिडकीशी बसवून, डोक्यावरचा पदर तिला हवा तसा ठेवून मुलीने आत्याचा फोटो काढला. एकही सुरकुती पुसली नाही. मोठा करून आणला तेव्हा आत्या बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “माझी आई अशीच दिसायची गं.”

वाचकहो, कॅमेरा आरशाचा घ्या किंवा बिनआरशाचा घ्या, आपल्या ऐपतीत बसेल तो घ्या. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो आधी काढा, ते कागदावर छापून घ्या आणि मागे नाव, गाव, साल लिहून ठेवा.